जावळाचा नमुना

पडद्यावर रेष उसळली, तेव्हा राधाकिसनने आधी यंत्रावरच संशय घेतला.

माणसाच्या केसांत अमली द्रव्य आहे की नाही, हे ज्या नमुन्याशी ताडून ठरवतात तो नमुना जालना एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत राधाकिसन तयार करीत असे. त्यासाठी प्रथम औषधाचा कणही नसलेले केस लागत. मोठ्यांच्या केसांचा भरवसा नव्हता. म्हणून राजूरच्या गणपतीला नात छकुलीचं जावळ काढलं, तेव्हा नदीत सोडायच्या केसांतले मूठभर त्याने बायको बायनाबाईकडून मागून घेतले. इतके निर्मळ केस जगात दुसरे कुठले मिळणार?

त्याने केस पुन्हा धुतले. द्रावण बदललं. तिसऱ्यांदाही तीच रेष उठली आणि तेच नाव उमटलं, फेनोबार्बिटल. फेफऱ्यावर देतात ते औषध.

मग त्याने केसांची टोकं आणि मुळं वेगवेगळी तपासली. टोकाला औषध सर्वांत जास्त होतं, मुळाकडे कमी होत गेलं होतं. टोक म्हणजे छकुली आईच्या पोटात होती ते दिवस. पुढचं दुधातून आलेलं. रेशमाहून बारीक केसाने सगळं तारीखवार जपून ठेवलं होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत यंत्रापुढे त्याचे हात प्रथमच जोडले गेले.

पाठोपाठ त्याचा अर्थ लक्षात आला. म्हणजे सून रेणू पोटुशी असल्यापासून लपून गोळ्या घेत होती. हे कळलं तर बायनाबाई तिला माहेरी धाडल्यावाचून राहणार नव्हती. पण लेकरू अजून अंगावर पीत होतं. गप्प बसणंही योग्य नव्हतं.

संध्याकाळी बायनाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलीत होती. त्याने शेजारी बसून हलक्या आवाजात सगळं सांगितलं. पोरीला टाकून बोलू नकोस, मी स्वतः तिला मोठ्या डॉक्टरकडे नेतो, अशी गळही घातली.

बायनाबाईचे हात थांबले नाहीत.

"तुमची मशीन बराबर बोलली," ती म्हणाली. "डॉक्टरला समदं ठावं हाय. तुम्हालाच न्हाई सांगितलं. तुम्ही पोरीला रोज तपासत बसले असते."

"कधीपासून?" राधाकिसनने विचारलं.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी ती चुलीपाशी पडली. तवापासून रोज सकाळी ती गोळी मीच देऊ राह्यले."