शिळं उत्तर

"बघ, आलंसुद्धा," सिक्स्टन म्हणाला. नर्सने त्याचं नाव टाकून बोट उचललं न उचललं, तोच संगणकाच्या पडद्यावर सगळं ठीक असल्याची हिरवी खूण उमटली होती. "आधी इथे एक कप कॉफी पिऊन व्हायची तरी काही दिसायचं नाही. हे माझ्या पोराचं काम. पेटंट आहे त्याच्या नावावर. आणि हे इथलंही." त्याने छातीवर बोट ठेवलं. "पेसमेकरची तार हृदयात धरून ठेवणारा बारीक आकडा. त्याचंही पेटंट याचंच. आतही हाच, बाहेरही हाच."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बापाचा कोट मांडीवर घेऊन बसलेल्या स्टाफानचे कान लाल झाले. आपल्या पोराचं कौतुक आपणच चारचौघांत करायचं नाही, ही या उत्तरेकडच्या माणसांची रीत. सिक्स्टनने लाकडाच्या गिरणीत जन्म घालवला तो मान खाली घालून. म्हातारपणी मात्र त्याला हे एक वेड लागलं होतं. दुकानात असो, चर्चमधल्या कॉफीला असो, त्याची गाडी फिरून फिरून पेटंटवर यायची.

"लाजतोय बघ," सोल्वेग हसली. ती या दवाखान्यातली जुनी नर्स. "पण खरं सांगते स्टाफान, तुझ्यामुळे आमच्या सकाळी जरा बऱ्या जातात." मग ती सिक्स्टनकडे वळली. "घरच्या डबीने काल रात्रीची नोंद पाठवलीय, अगदी स्वच्छ आहे. सरपण फोडताना चक्कर आली ती हृदयाची नव्हे. तू पाणी पीत नाहीस, नुसती कॉफी ढोसतोस. आज छातीवर यंत्र लावायचीही गरज नाही. जा घरी."

काल रात्रीची म्हटल्यावर स्टाफानने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. सकाळी तो बापाला न्यायला गेला तेव्हा पेसमेकरची नोंद रोज दवाखान्यात धाडणारी ती पलंगाजवळची डबी बंद होती. तिचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्या जागी खिडकीतल्या कागदी ताऱ्याचा प्लग होता. नाताळ जवळ आला की घरोघरी लागतो तो तारा, म्हाताऱ्याने रविवारीच लावला होता. म्हणजे डबीही रविवारपासून बंद होती.

मग कालची नोंद आली कुठून, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लाखो नोंदींच्या ढिगातून ताजी नोंद शोधायला वेळ लागायचा. म्हणून त्याची युक्ती अशी, की आधी हाताशी असलेलं जुनं उत्तर पुढे करायचं आणि मागाहून ताजं आणून बदलायचं. ताजं आलंच नाही तर जुनंच राहायचं, तारीख मात्र नवी पडायची. चाचणीच्या वेळी हे त्याच्या नजरेला आलं होतं. क्वचितच होतंय, नंतर बघू, म्हणून त्याने विषय दाबला. पुढे पेटंट मिळालं, कंपनीत केक कापला गेला, आणि ते नंतर काही आलं नाही.

आता बोलायलाच हवं होतं. त्याने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"बाबाने डबीचा प्लग काढला होता. ताऱ्यासाठी."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच इतक्या पटकन निघालं.

सोल्वेगने पडद्याकडे पाहिलं. "नाही रे, काल रात्री चालू होती ती. इथे दिसतंय ना." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "सिक्स्टन, प्लग काढल्याचं आठवतं तुला?"

म्हाताऱ्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "रविवारी काढला असं वाटत होतं मला. पण याचं यंत्र म्हणतंय चालू होती, तर असेल. मीच परत लावला असेन. डोकं काम देत नाही हल्ली."

"होतं असं या वयात," ती मायेने म्हणाली. "आपण एकदा स्मरणशक्ती तपासून घेऊ."

सिक्स्टनने होकारार्थी मान हलवली आणि तपासणीसाठी सोडलेली सदऱ्याची गुंडी लावायला घेतली. गुंडी काजात जाईना. पोराच्या यंत्रावर शंका घेण्यापेक्षा स्वतःला विसरभोळं ठरवून घेणं त्याला सोपं गेलं होतं. स्टाफानला ते दिसलं, आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तिथे बसवेना.

"गुंडी लावू नकोस, बाबा," तो उठून म्हणाला. "प्लग तू काढलाच होतास. तुझं डोकं ठीक आहे. सोल्वेग, यंत्र लाव त्याला. हा पडदा शिळं दाखवतोय. ताजं मिळालं नाही की जुनंच आजचं म्हणून पुढे करतो."

"तुला काय माहीत?"

"मीच बनवलंय ते. असं होतं, हे मला आधीपासून ठाऊक होतं."

सोल्वेगचं हसू मावळलं. तिने यंत्राची चकती सिक्स्टनच्या छातीवर ठेवली. कागदावर रेघ उमटू लागली. काही ठोके नीट पडले, मग रेघ सपाट झाली, बराच वेळ सपाटच राहिली, मग पुन्हा एक ठोका पडला. तिने डॉक्टरांना बोलावण्याची घंटा दाबली.

"सकाळपासून किती जणांना मी हिरवं बघून घरी पाठवलं," ती स्वतःशीच म्हणाली. स्टाफान कोट हातात धरून उभा होता.

तरुण डॉक्टरीणबाई आली. तिने कागद हातावरून सरकवत पाहिला आणि सिक्स्टनला आडवं केलं. "पेसमेकरचा ठोका मधूनच हृदयाला पोचत नाहीये. आज तुला घरी जाता येणार नाही," ती म्हणाली. मग तिचं लक्ष स्टाफानकडे गेलं. "हा कोण?"

सोल्वेगने सिक्स्टनकडे पाहिलं. सिक्स्टन छताकडे बघत होता.

"मला गाडीने घेऊन आलाय," तो म्हणाला.