वायफायची यादी

‘या नेटवर्कशी जोडता येत नाही.’ लॅपटॉपने हे सातव्यांदा सांगितलं, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीकच गेली. साडेदहा वाजले होते. अकराला मुलाखत होती. औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासायची नोकरी, घरी बसून करायची. सात महिन्यांपूर्वी सासरहून दोन बॅगा घेऊन ती माहेरी परत आली, त्यानंतर कुणी तिला बोलावण्याची ही पहिलीच वेळ. वेळेवर समोर आला नाहीत तर नाव कापू, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं.

“माझं तर झकास चाललंय,” कोचावर मोबाइल घेऊन बसलेले बाबा म्हणाले. “राउटरला धाड भरलेली नाही. तुझा लॅपटॉपच मेलाय.”

लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क काढून टाकलं, पुन्हा शोधलं, पासवर्डाचं एकेक अक्षर मोठ्याने म्हणत घातलं. राउटरची पिन उपटली, तीस आकडे मोजले, परत खोचली. टीव्ही लागला. भावजयीचा मोबाइल लागला. हिचा लॅपटॉप ढिम्म. हिचा मोबाइलही कालपासून वायफाय घेत नव्हता, पण तो जुनाच, म्हणून तिने सोडून दिलं होतं. त्याचं स्वतःचं नेट वापरावं, तर घरात कुठल्याच मोबाइलला रेंज नाही; बाल्कनीच्या कठड्याला चिकटून उभं राहिलं की कशीबशी एक दांडी यायची, तीही जाऊन-येऊन. भावाचा लॅपटॉप भावाबरोबर ऑफिसात.

“घाईघाईने केलंस की असंच होतं तुझं,” आई आतून म्हणाली.

“आई, तू मधे बोलू नकोस!”

शेवटी तिने घरातल्या लँडलाइनवरून नेटवाल्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, बाकीच्यांचं चालतंय ना? मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागेल. तो पासवर्ड कुणाकडे असतो?”

तो या घरात एकाच माणसाकडे. बाबांनी टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेली. तारेचं असो की बिनतारेचं, त्याला हात लावायचा तो त्यांनीच.

“काही गरज नाही,” बाबा म्हणाले. “कालच सगळं तपासलंय मी.”

“काल काय तपासलंत?”

“शेजारपाजारचे फुकटे चढून बसतात आपल्या नेटवर. म्हणून रीतसर यादी केली, आणि यादीत नाही ते बाहेर काढलं. दोन सापडलेच की! केले बंद.”

स्पीकरवरचा माणूस म्हणाला, “काका, ते दोन कुठले, जरा वाचता का?”

बाबांनी चष्मा लावला. मोबाइलवर दोन-तीनदा बोट सरकवलं आणि वाचायला लागले. पहिला तिचा मोबाइल होता. दुसरा वाचता वाचता त्यांनी तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

“हे... तुझेच का गं?”

“तेवढे ब्लॉकमधून काढा, लगेच चालू होईल,” असं म्हणून त्या माणसाने घाईघाईने फोन ठेवला.

“यादी दाखवा,” ती म्हणाली.

“अगं, आता यादी कशाला? काढतो ना मी.”

“दाखवा म्हटलं ना!”

बाबांनी कोचावरची डायरी उचलून दिली. पट्टीने आखलेल्या रेघा, वळणदार अक्षर, डावीकडे आकडे. एक, स्वतः. दोन, सौ. तीन, चिरंजीव. चार, सूनबाई. पाच, टीव्ही. सहा, दाराची घंटी.

तिने ते वरून खाली वाचलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“घंटी आहे,” ती म्हणाली. “दाराची घंटीसुद्धा आहे!”

“ती वायफायवर चालते ना, म्हणून...”

“आणि मी? सात महिने रोज समोर बसून जेवतेय मी तुमच्या!”

“राहून गेलं गं. आपली माणसं कोण कोण, म्हणून बोटं मोजली, तर चारच आली. तेव्हा काही चुकतंय असं वाटलंच नाही.”

“जाऊ दे ना आता,” आई दारात आली. “मुद्दाम थोडंच केलंय त्यांनी?”

“मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं मला!” ती एवढ्या जोरात ओरडली, की भावजय तिच्या खोलीतून बाहेर आली आणि तिथेच थबकली.

बाबांनी खिशातलं पेन काढलं. “आण इकडे. आत्ताच्या आत्ता लिहितो,” म्हणत त्यांनी सहाच्या खाली सात आकडा घातला.

तिने त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं. डायरी मांडीवर धरली आणि ‘सौ.’ आणि ‘चिरंजीव’ यांच्या मधल्या बोटभर फटीत, रेघेवर रेघ जाईल असं दाबून लिहिलं, ‘कन्या’.

“अगं, खाली जागा होती की,” बाबा म्हणाले.

“मी त्याच्या आधी जन्मले,” ती म्हणाली. “नेट लावा आता. चार मिनिटं उरलीत.”