कोरडी होडी

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी फिटरकाकांनी शिडाची होडी शेडबाहेर काढली. तळ्यात ढकलताच ती फळीफळीतून गळू लागली. काकांनी होडीवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकला आणि विचारलं, "फटींत लांबी भरू की डांबर?"

"काका, ही काय पाण्याची टाकी आहे?" एकाने लगेच लिहिलं. "काहीच भरू नका. काठाशी बांधा आणि खुशाल बुडू द्या. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप मिटतात. पण इतकी सुकू कशी दिलीत?"

काकांनी फोन खिशात ठेवला. त्यांनी होडी काठाशी बांधली. पाणी बसायच्या फळीपर्यंत चढलं तसे त्यांचे डोळे भरून आले आणि हात बादलीकडे गेला. काकूंनी बादली मागे ओढली.

"उपसू नका हो. वर्षभर सगळं कोरडं ठेवलंत. आता भरू द्या."

काका काठावरच बसले आणि पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले.

ती होडी स्वतःच्या हातांनी बनवणारा त्यांचा मुलगा मागच्या वर्षी, बहिणीच्या लग्नानंतर महिन्याभरात, तापाने वारला होता.