जादा राती

पंपघरात मोटरीची गुणगुण चालू होती आणि नाना त्या गुणगुणीतच उभ्याउभ्या पेंगत होते. हात व्हॉल्व्हच्या चाकावर, डोळे मिटलेले. गळलेल्या पाण्याचं थारोळं पायाशी होतं. त्यावर पडलेलं दुपारचं ऊन छतावर लाटांसारखं हलत होतं.

सरितानं डबा ठेवताना आवाज होऊ दिला नाही. दचकले तर? परवाच टाकीच्या शिडीवर त्यांचा पाय निसटला होता. कडेवरच्या पोरीला तिनं आणखी जवळ ओढलं.

"उनी का माय?" ती आल्याची चाहूल लागून, डोळे न उघडताच सासरे म्हणाले.

"नाना, बस करा आता ही डबल ड्यूटी."

"शेवटलं वरीस शे. आते जेवढं जास्त करसू, तेवढं पेन्शन वाढी. बठ्ठा असंच करतस."

साक्रीच्या पाणीखात्यात सगळे असंच मानत. तीही मानत होती, आज सकाळी कचेरीत जाऊन विचारेपर्यंत. सांगावं की नको, हे तिला वाटभर ठरवता आलं नव्हतं. आता त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघून ती बोलून गेली.

"मी विचारून आले नाना. ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. पेन्शन मूळ पगारावर. जादा कामाचे पैसे मिळाले, की ते तिथंच मिटलं."

नानांनी डोळे उघडले. बराच वेळ ते छतावरच्या उन्हाकडे बघत राहिले. उघड्या डोळ्यांनीच झोपले की काय, असं तिला वाटलं.

"मंग इतल्या राती?"

तिनं डबा त्यांच्याकडे सरकवला.

फोन वाजला. नानांनी तो कानाला लावला. पलीकडून साहेबांचा आवाज तिलाही ऐकू आला, "रातपाळीला माणूस नाही नाना. थांबताय ना?"

तेवढ्यात पोर कडेवरून घसरली आणि ओल्या फरशीवर थपथप पावलं टाकत निघाली.

"ही चालाले कवय लागनी?" नानांनी विचारलं.

"पोळ्याच्या सुमाराला."

"नाना? हॅलो? थांबताय ना?"

"नही," नाना म्हणाले आणि फोन बाजूला ठेवला. मग हळूहळू, गुडघे धरत खाली बसले. दोन्ही हात पसरले.

पोर मध्येच थांबली. अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग वळून आईकडे.

सरिता जागची हलली नाही. नानांनी हात तसेच पसरून ठेवले.