पुराव्यापुरता चहा

"आधी चहा घ्या, मग फाइल बघा," मुख्यमंत्री कार्यालयातले निमकर म्हणाले.

मी उसळलेच. "अहो, तुमच्या ऑफिसात चहावर एवढा पैसा का उडतो, हे विचारायलाच मी माहिती अधिकारात अर्ज केलाय! जनतेचा पैसा आहे तो. थेंबभरही पिणार नाही."

"ताई, इथून कुणी चहाशिवाय गेलं तर मुख्यमंत्री आमची खरडपट्टी काढतात."

तेवढ्यात कप आलाच. ठेचलेलं आलं, गवती चहा, रंग अगदी माझ्या आवडीचा. वास नाकात शिरला आणि माझी तत्त्वं डळमळली. एकच घोट, पुरावा म्हणून, असं म्हणत उचललेला कप मी रिकामाच खाली ठेवला. दुसरा फाइल चाळताना घेतला. तिसरा मागून घेतला. बाकावर कामं घेऊन आलेली गावोगावची माणसंही फुर्र फुर्र करत होती, आणि ती सगळी मला एकदम माहेरची वाटायला लागली.

"मग, तक्रार काय लिहू?" निमकरांनी पेन उघडलं.

मी पदर सावरला. "लिहा, जनतेचा एवढा पैसा खर्च होतो, आणि चहासोबत साधी खारीसुद्धा नाही?"