खिंडीतला डिपर

इशेनकुल हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेवर टूथपेस्ट घासत होता. घासणं असं, की हाताखाली काच नसून धाकट्या भावाचं थोबाडच आहे.

"अहो, पोरांच्या दातांना ठेवा जराशी," बायको दारातून ओरडली.

"दात राहू देत पिवळे! मला त्या तुराटचे डोळे दिपवायचेत."

इशेनकुलची जुनी रशियन गाडी कोचकोर गावापासून नारीन शहरापर्यंत वडाप करायची. तिचे दिवे असे, की लागलेत की नाही हे बघायला काडी ओढावी लागे. खोटं वाटेल, पण मी स्वतः ओढलीय. तुराटची गाडी मात्र जपानी, स्टिअरिंग उलट्या बाजूला. बाप वारल्याच्या वर्षाच्या जेवणाला कापायचा घोडा तुराटनं परस्पर विकला, ही गाडी घेतली आणि जेवण मेंढ्यांवर उरकलं. सगळ्या खोऱ्यात नाक कापलं गेलं. त्या दिवसापासून थोरला धाकट्याशी बोलत नव्हता.

पण रस्ता एकच. दिवेलागणीला इशेनकुल नारीनहून घरी कोचकोरला निघायचा आणि तुराट कोचकोरहून खिंडीखालच्या गावी, आईकडे परतायचा. नेमकी वर खिंडीत गाठ. जपानी उजेड थेट डोळ्यांत घुसायचा. इशेनकुल डिपर मारायचा, पुन्हा मारायचा, उजेड काही खाली येत नसे. एका अंगाला दरी, चाकाखाली बर्फ. गाडी थांबवावीच लागे.

"मुद्दाम करतो!" तो प्रवाशांना सांगायचा. "बापाचा घोडा गिळला, आता भावाचे डोळे गिळायला निघालाय."

खिशात दमडी नव्हती, राग मात्र रग्गड होता. टूथपेस्टनं काचा उजळल्या. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर ओढली. बायकोनं वळलेल्या कुरूतची, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी भंगारवाल्याला देऊन कापणीयंत्राचा दिवा आणला आणि टपावर बसवला. तो पहिल्यांदा पेटला तेव्हा गल्लीतले कोंबडे आरवले आणि मुल्ला पहाट झाली म्हणून उठून बसला.

त्यानंतर खिंडीत दोघेही आंधळे. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक लावून थांबायच्या. आधी दिवा कोण घालवतो, एवढाच प्रश्न. कोणीच घालवत नसे. काचा बंद, आत शिव्या. प्रवासी विनवण्या करायचे. एका म्हातारीनं तेवढ्या वेळात मोज्याची अख्खी टाच विणून काढली.

शेवटी इशेनकुल जोलचू मिस्त्रीकडे गेला. "अजून एक दिवा बसव. असा, की त्याला आठवडाभर काही दिसू नये."

जोलचूनं सगळं ऐकून घेतलं आणि पान्हा खाली ठेवला.

"इशेनकुल, तुझ्या डोक्यात दिवा बसवायला हवा. ती गाडी जपानी. तिकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, आपण उजव्या. डिपरवर घेतली तरी तिचा उजेड डावीकडे वर उसळतो. तिकडे तो कडेच्या गवतावर पडतो, आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत. तुराट बिचारा वर्षभर डिपरवरच येतोय."

"मग इलाज?"

"काचेच्या कोपऱ्यावर काळ्या टेपचा एक तुकडा. हा घे, फुकट."

इशेनकुलचा राग जायला हवा होता. तो दुप्पट झाला. वर्षभर मन लावून पोसलेला राग एका टेपच्या तुकड्यानं खोटा ठरवावा म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आईच्या अंगणात शिरला. तुराट गोठ्यात गवत टाकत होता. त्याच्याकडे न बघता इशेनकुल जपानी गाडीपुढे बसला आणि काचांवर टेप चिकटवू लागला. आई काठी आपटत बाहेर आली.

"काय चिकटवतोयस रे?"

"अपा, हिचा उजेड सरळ करतोय. आता खिंडीत थांबायची कटकट नाही. तो त्याच्या वाटेनं, मी माझ्या."

"थांबणार नाही?" आईची काठी त्याच्या पाठीत बसली. "का थांबणार नाही? या उंबऱ्यावर तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही, ते मी सोसते. का सोसते? संध्याकाळी खिडकीत बसले की वर दोन उजेड येतात, समोरासमोर थांबतात. माझा चहा गार होतो, तरी हलत नाहीत. मी शेजारच्या कनिमेतला सांगते, घरात नाही तर नाही, पण खिंडीत माझी पोरं बोलतात. आणि तू म्हणतोस, थांबणार नाही?"

गोठ्यात गवत पडायचं थांबलं. इशेनकुलनं टेपची कड अंगठ्यानं दाबली.

"थांबू, अपा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी खिंडीत कुणाचे डोळे दिपले नाहीत. रस्ता लख्ख दिसत होता, दोन्ही गाड्या आरामात निघून गेल्या असत्या. इशेनकुलनं करकचून ब्रेक दाबला, खाली उतरला आणि दार आपटलं.

"गाढवा! वर्षभर डिपरवर येत होतास, तर सांगायला तोंड नव्हतं?"

तुराटही उतरला. "कुणाला सांगू, अके? थोरला भाऊ म्हणून तू कधी काच खाली घेत होतास?"

"आणि घोडा? घोडा विकताना कुणाला विचारलंस?"

"का विकला ते सांगायला आलोच होतो! तू दार उघडलं नाहीस!"

दोन्ही गाड्यांतले प्रवासी हॉर्न दाबून दाबून थकले. दोघांचे आवाज एवढे चढले, की वरच्या कड्यावरचा बर्फ सुटून खाली आला.

खाली खिडकीत आईनं चहाची वाटी बाजूला ठेवली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"बघ कनिमेत, आज तर त्यांचं बोलणं संपतच नाही."