हेल्मेटमधला चेहरा

कागलच्या माळावर शर्यतीत मुलाची गाडी उलटली, ती दिनकर बुधल्यांना फक्त ऐकू आली. त्यांचे डोळे कृत्रिम, कंपनीने बसवलेले. प्रक्षेपणाच्या हक्कांवरून दोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या आणि निकाल लागेपर्यंत त्या डोळ्यांना शर्यत दिसणं बंद होतं. गाड्या, सूट, हेल्मेट, सगळं करड्या धुरात जायचं.

ते आवाजाच्या रोखाने धावले, चाचपडले. ओजस हाताला लागला.

"बाबा, दिसतोय का मी?"

अपघातानंतर हेल्मेट ओढायचं नाही, मान जाते, हे माळावरच्या प्रत्येक पोराला बुधल्यांनीच शिकवलं होतं.

"दिसशील, थांब जरा," म्हणत त्यांनी हेल्मेट ओढलं.

चेहरा लगेच लख्ख दिसला. ओजस त्यांच्याकडेच बघत होता, पापणी न लववता.